कव्हरिंग फायर

आमचे हे पायदळात हवालदार होते. शेवटची पोस्टिंग उंच डोंगरात, बर्फात. तिथे गस्तीवर असताना करंज्याच्या कोळीवाड्यातला लान्सनाईक हरेश जखमी होऊन पडला. ह्यांनी त्याला पाठीवर घेऊन पोस्टकडे उतरवलं. हरेश वाटेतच गेला. ह्यांचा उजवा गुडघा त्याच उतरणीवर कामातून गेला. एवढंच त्यांनी मला सांगितलं आहे, तेही एकदाच.

पेन्शनवर ते पनवेलजवळ कोन गावी घरी आले. घराची चौकी झाली. सकाळी चहा देताना मी विचारायचं, "रिपोर्ट?" त्यांनी म्हणायचं, "सब ठीक." मी फार बोलणारी नाही. मला तेवढं पुरायचं.

गुडघ्यासाठी ते सुजेवरची गोळी घ्यायचे. डॉक्टरांनी थोड्याच दिवसांची दिली होती. हे मेडिकलमधून आणत राहिले. संध्याकाळी कॅन्टीनची रम. पोटात आग पडली की ॲसिडिटीचं गुलाबी पातळ औषध, दोन झाकणं.

"अवो, गोळी आनि रम एका पोटात नको," मी म्हटलं.

"मधी औषध हाय ना. ते कव्हरिंग फायर. त्याच्या आडून दोघं बिनधास पुढं जातात."

मला हसू आलं आणि विषय तिथेच राहिला.

हरेश गेला त्या दिवशी दरवर्षी त्याची आई करंज्याहून सुके बोंबील घेऊन येते. हे फोटोपुढे एक पेग हरेशचा ठेवत. स्वतःचा घेत. मग हरेशचाही घेत. जवानाचा वाटा वाया घालवायचा नाही, असं त्यांच्यात होतं.

गेल्या वर्षी त्या दिवसानंतरची सकाळ. मी चहा दिला.

"रिपोर्ट?"

"सब ठीक," ते म्हणाले आणि कप हातातून सुटला. तोंड चुन्यासारखं पांढरं. अंग घामाने गार.

शेजाऱ्याच्या रिक्षात घालून पनवेलला निघालो. वाटेत मी त्यांचा हात धरला. चारचौघांत मी कधी धरला नव्हता.

"खरा रिपोर्ट द्या," मी म्हटलं.

त्यांनी रिक्षा चालवणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन दिस संडासला डांबरासारखी काळी होते. आग पडत नव्हती, म्हनून बोललो नाय."

डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घातली. आत जखम होती, रक्त वाहत होतं. ते थांबवलं. वरून रक्त चढवलं. शुद्धीत येताच ह्यांनी विचारलं, "कव्हरिंग फायर कमी पडलं काय, साहेब?"

डॉक्टर हसले नाहीत. "गोळीने पोटाचं अस्तर सोललं. रमने तिथेच आणखी मारा केला. तुमच्या औषधाने फक्त जळजळ दाबली. म्हणजे ओरडणारा पहारेकरी तुम्हीच गप्प केलात."

"यस सर," हे म्हणाले. रम बंद, ती गोळी बंद. सगळं कबूल केलं. डॉक्टर गेल्यावर मला हळूच विचारलं, "आनि हरेशचा पेग?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. वर्षभर तीच धास्ती होती.

यंदा तो दिवस आला. ह्यांनी हरेशचा पेग ओतला, स्वतःसाठी कोकम. कोकम संपलं. पेग तसाच. हे त्याच्याकडे बघत बसले. मग हात पुढे गेला.

"ठेव खाली," हरेशची आई म्हणाली.

"आये, त्याचा वाटा हाय. टाकू कसा?"

"त्या डोंगरान एक गेला. दुसरा मना या गिलासान नाय घालवायचा. दे इकरं. माजे पोऱ्याचा वाटा मी घेतय."

हे घाबरले. "आये, आज दुखन्याची गोळी नाय ना घेतलीस?"

"मना कसली गोळी? कोलीन हाय मी!"

तिने एका दमात पेग संपवला. ठसका लागला, डोळे पुसले. फोटोकडे बघून म्हणाली, "याच्यान काय गोड लागत होता रे तुला, बाला?" मग पदराने ग्लास पुसून त्याच्यापुढे पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला.

"रिपोर्ट?"

"गुडघा दुखतोय," ते म्हणाले. "हरेश आठवतोय. बाकी सब ठीक."