जगनच्या नावाची आंघोळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने मुलुंड ते ट्रॉम्बे हा खडतर प्रवास नुकताच पार पाडला असून ती सुखरूप परतली आहे. हारतुरे नकोत. मोहिमेत डाव्या पायाची चप्पल मात्र कामी आली. तिच्यासाठी क्षणभर शांतता पाळावी.

लोक काश्मीरला जातात, मी बाप्तिस्म्याला गेले. बोलावणं जगनचं होतं. जगन म्हणजे आमच्या हिराबाईचा थोरला, आणि हिराबाई म्हणजे ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून वर्षानुवर्षं आमच्या दारावर मासळी आणणारी. पापलेट साफ करता करता ती मुलांच्या गोष्टी सांगायची. थोरल्याची छाती नाजूक, जरा वारा लागला की भरते. धाकटा मात्र दगडासारखा. एकदा जगन दारू पिऊन होडी घेऊन निघाला, धाकट्याला सोबत घेऊन. नाजूक होता तो परत आला. त्या दिवसापासून हिराबाई जगनशी एक शब्द बोललेली नाही. जगन घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत जाऊन राहिला आणि पिऊन मरायचं काम त्याने मन लावून चालवलं.

तोच जगन परवा माझ्या दारात उभा. दाढी केलेली, डोळे स्वच्छ.

"वैनी, मी बाप्तिस्मा घेतोय. आपल्याच खाडीत. आईला सांगाल? तिनं नुसतं यावं. बोलू नको म्हणावं हवं तर."

मी हिराबाईला सांगितलं. तिचा कोयता हवेतच थांबला. "येते म्हनावं. त्याच्या नावानं आंघोळ करायला येते."

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी आली की डोक्यावरून पाणी घेतात. जित्या माणसाच्या नावानं आंघोळ केली, तर तो आपल्यापुरता कायमचा मेला. बडबडीसाठी साऱ्या इमारतीत प्रसिद्ध असलेली मी, पण हा निरोप काही माझ्या तोंडून निघाला नाही. "येणार आहे," एवढंच मी जगनला कळवलं.

पहिला मुक्काम घाटकोपर. जगनच्या ख्रिस्ती मंडळींची प्रार्थनेची खोली पिठाच्या गिरणीच्या वर, त्यामुळे पांढरे कपडे घालायची तशी कोणाला गरज नव्हती. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) अंगाने काडी आणि आवाजाने लाउडस्पीकर. चहा-खारी आली. जगनने खारी बशीत तशीच ठेवली.

"पाण्याकडं बघवत नव्हतं, वैनी. नळ सोडला तरी अंगावर काटा यायचा. एकदा इथं जिन्यात पडलो होतो, तर एक म्हातारी माझ्यासाठी रडत प्रार्थना करत बसली. माझं नाव पण माहीत नव्हतं तिला. म्हटलं, माझ्यासाठी रडणारं कोण हे?"

"आणि दारू?"

"ती सुटली. ते सोपं होतं. येशूनं मला माफ केलंय, हे खरं मानणं जड गेलं. आता जाळी विणतो. रात्री झोप लागते, वैनी. झोप!"

लॉटरी लागल्यासारखा तो हा शब्द उच्चारत होता.

टेम्पोतून आम्ही निघालो. मंडळी गात होती, मी खड्डे मोजत होते. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर धूर होता आणि धुरात घारी. पुढे कोळीवाडा लागला. दोरीवर बोंबील वाळत होते. हिराबाईने मला घरात घेऊन तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी मासळी) वाढला. भिंतीवर धाकट्याचा फोटो, हार ताजा. कोपऱ्यात घासून लख्ख केलेली कळशी. भाकरी उत्तम होती, पण माझं लक्ष त्या कळशीवर.

"हिराबाय, नको ना करू असं."

"तू जेव गो."

धक्क्याखाली भरतीचं पाणी चढलं होतं. जवळून दिसावं म्हणून मी चिखलात उतरले आणि खाडीने माझी चप्पल गिळली. एरवी त्यावर मी अर्धा तास नाटक केलं असतं. तेवढ्यात पाळकांचा आवाज घुमला, "जुना जगन आज या पाण्यात पुरला जातोय. आता नवा उठेल!"

धक्क्याच्या पायरीवरून हिराबाई ओरडली, "तुमी बोलता मेला, मी पन बोलते मेला. मंग भांडन कशाला?"

कोणी हसलं नाही. कशालाही हसणारी मीसुद्धा नाही. तिकडे जगन पाण्याखाली गेला आणि इकडे तिने कळशी डोक्यावर उपडी केली.

तो वर आला, तेव्हा मंडळी टाळ्या वाजवत होती. त्याने आईकडे पाहिलं. लुगडं निथळत होतं, हातात रिकामी कळशी. कोळ्याचा मुलगा तो, त्याला सांगावं लागलं नाही. तो पायरीपाशी आला.

"बरं केलंस, आये. धाकल्याला बुडवणारा गेलाच पायजे होता."

ती पाठ फिरवून घराकडे चालू लागली. मी एका चपलेने तिच्यामागे.

परतीच्या बसला अजून वेळ होता, म्हणून मी तिच्याच दारात टेकले. घरच्यांना सांगते, माझ्या देवघरातले गणपती जागेवर आहेत, काळजी नसावी. पण उंबऱ्यावर बसून एक विचार माझी पाठ सोडेना. या माणसाला पुन्हा जगायची परवानगी वरून मिळाली होती, आणि ती खरी होती. त्याचा चेहराच सांगत होता. हवी होती ती या ओल्या बाईची. ती मिळाली नाही, तरी तो जगणार होता. पण कसा?

मंडळी टेम्पोकडे जायला गल्लीतून आली. सगळ्यांत मागे जगन, ओल्या सदऱ्यात, खाडीच्या वाऱ्यात कुडकुडत. दारासमोर थांबून त्याने हात जोडले. हिराबाई भिंतीकडे तोंड करून केस पिळत राहिली. तो निघाला. चार पावलं गेला आणि शिंकला. मग पुन्हा शिंकला.

हिराबाई गर्रकन वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आरं, डोकं पूस ना आदी! छाती भरंल तुजी!"