तानूबाईचं हिरवं

म्युनिसिपालटीनं आमची गल्ली पाडली, तेव्हा भिंतींची माती गाड्या भरभरून गेली. किस्से मात्र कुणी उचलले नाहीत. ते ढिगानं इथंच पडून आहेत आणि रोज त्यात घमेलंभर भर पडते. मी बोलते कमी, म्हणून लोक मला सगळं सांगतात. जे सांगत नाहीत ते खिडकीतून दिसतंच.

लग्न होऊन मी पाटणहून सांगलीला आले, तेव्हा लढाई नुकती संपली होती. आमच्या ह्यांची नोकरी म्युनिसिपालटीत, कारकुनाची. सासूबाई, हे आणि मी असे तिघं त्या गल्लीत भाड्यानं राहायचो. आम्हीही तिथं नवेच. गल्ली म्हणजे समोरासमोर मातीच्या घरांच्या दोन ओळी आणि मधून उघडं गटार. ठरलं असं, की दोन्ही ओळी पाडायच्या, त्याच कुटुंबांना त्याच जागी पक्क्या खोल्या द्यायच्या, आणि गटार बुजवून तिथं सगळ्यांसाठी बाग करायची. अट एकच. वहीत नाव असेल त्यालाच खोली. ती वही आमच्या ह्यांच्या काखेत.

*

नकाशा दाखवायला मोठे साहेब स्वतः आले. मधला पट्टा छान हिरवा रंगवलेला. धोंडीनाना मूळचे जतकडचे, अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते नकाशावर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"सायेब, येवढं हिरवं आमच्या मुलखात दिवाळीलाबी दिसत न्हाई. मेंढरं कवा सोडायची?"

"नाना, मेंढरांसाठी नाही. माणसांसाठी आहे."

"मानसं काय करनार हितं?"

"बसतील. हवा खातील."

साहेब गेल्यावर नाना बाकीच्यांना म्हणाले, "हवेची सोय झाली गड्यांनो. भाकरीचं काय बोलला न्हाई."

*

नावं लिहायला हे आणि शिपाई दुपारचे आले. तिथंच चुकलं. दुपारी पुरुष कामावर, घरात बायका, आणि नवऱ्याचं नाव घेणार कोण?

पहिल्या घरी उत्तर मिळालं, "सोन्याचा बा." दुसऱ्या घरी, "गुरुवारच्या देवाचं हाय बगा." ह्यांनी दत्तू लिहिलं. तिसऱ्या घरच्या बाईनं देवळीतल्या गणपतीकडं बोट दाखवलं. हे 'गणपती' लिहून उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "न्हाई, न्हाई. त्येच्या बाचं."

मग आमचं दार. शिपाई बाजूला उभा, म्हणून हे अगदी कामावरच्या आवाजात म्हणाले, "कुटुंबप्रमुखाचं नाव?"

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"बाई, नाव सांगा. पुढं बरीच घरं आहेत."

शेवटी आतून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, लिहून घे की. पाठ आहे ना तुला?"

*

आता तानूबाई. आमची शेजारीण. नवरा लष्करात, लढाईवर गेलेला, अजून न परतलेला. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं त्याची पत्रं मी वाचून दाखवायची. प्रत्येक पत्राखाली सही एकच, बागोजी. पुढं पत्रं थांबली. त्याच्याबरोबर गेलेले आष्ट्याकडचे शिपाई एकेक करून परत आले, बागोजीचा पत्ता नाही. ती जुनीच पत्रं घेऊन यायची. "वैनी, वाचा की परत. मागल्या बारीला कायतरी ऱ्हायलं आसंल."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात पक्कं. नाव बागोजी, म्हणून 'बाग' हा शब्दसुद्धा तोंडाला वर्ज्य. बागेला ती 'हिरवं' म्हणायची. हिरव्यात काय लावनार, हिरव्याला पानी कुटनं आननार. बघता बघता सगळी गल्ली 'हिरवं' म्हणायला लागली. पुढं पुढं म्युनिसिपालटीचा शिपाईसुद्धा.

त्या दुपारी ह्यांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं शिपायाच्या हातातला नकाशा बघितला आणि मधल्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ह्ये."

"हे म्हणजे?"

"आवं, हिरवं."

ह्यांचा चेहरा उजळला. वहीत लिहिलं, हिरोजी.

मी दारातच उभी होते. नाव मला ठाऊक होतं. पण परक्या शिपायासमोर नव्या सुनेनं नवऱ्याची चूक काढायची कशी? जेवताना सांगितलं, तेव्हा ह्यांचा घास हातातच राहिला. वही तोवर साहेबांच्या कपाटात बंद झाली होती.

*

सोपी दुरुस्ती होती ती. पण मधे सर्जेराव आला.

गाडीवान सखारामअण्णानं भावाच्या नावानं जास्तीची एक खोली लावून घेतली होती. भावाचं नाव सर्जेराव. चार शेजाऱ्यांनी साक्षही दिली, "लय कष्टाळू. कवा तोंड वर करून बोलनार न्हाई."

साहेब एक दिवस खात्री करायला आले. "सर्जेराव कुठं आहेत?"

अण्णाची म्हातारी आई खरं बोलणारी. ती म्हणाली, "चरायला गेलाय."

त्या दिवसापासून साहेबांनी नियम केला. शेजाऱ्यांची साक्ष बंद. ज्याची खोली, त्याच्या घरच्या माणसानं साहेबांसमोर तोंडानं नाव सांगायचं. हे दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेले, तर साहेबांचं उत्तर, "बाईंना सांगू दे. मी लगेच खोडून लिहितो. नाहीतर ती खोली दुसऱ्याला."

मी तानूबाईला जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "जाऊंद्या खोली. जितं आसतील तितं सुकरूप आसूंद्यात म्हंजे झालं. चार भित्तींसाटी मी त्येंचं आयुक्ष तोडू व्हय?"

त्यानंतर कितीतरी दिवस मला ह्यांच्या दौतीकडं बघवेना.

*

खोल्या होईपर्यंत आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमधे राहिलो. बागेत काय लावायचं, यावर तिथं रोज सभा. साहेबांना गुलाब, शेवंती हवी. बायकांचं म्हणणं, "फुलं शिजत न्हाईत." शेवटी मधे फुलझाडं आणि कडेनं लिंबू, कढीपत्ता, शेवगा, असा तह झाला. जुना कडुनिंब कुणी तोडू दिला नाही. रोपांना पाणी आम्ही शेडमधून कळशीनं नेऊन घालायचो.

कुंपणाची तार लागली त्याच दिवशी साहेब पाहणीला आले. तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगडी, धोतरं, गोधड्या.

"हे कुणाच्या परवानगीनं?" साहेबांनी विचारलं.

धोंडीनाना निंबाखालून म्हणाले, "हवा खात्यात, सायेब."

*

किल्ल्या वाटायला टेबल त्याच निंबाखाली मांडलं. साहेब, वही, शेजारी हे. एकेक नाव जुळत गेलं. सर्जेरावाचं नाव अण्णा बघत असतानाच खोडलं गेलं. मग तानूबाईची पाळी.

"वहीत हिरोजी आहे. तुमच्या यजमानांचं नाव काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर चारचौघांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं, "साहेब, चूक आमच्या घरची आहे."

"तुम्ही शेजारी. शेजाऱ्यांचं मी ऐकत नाही."

तानूबाईनं मला पदराला धरून मागं ओढलं आणि स्वतः पुढं झाली.

"सायेब, आपन हुबं हाय त्येला तुमी काय म्हंता?"

"काय म्हणजे? बाग."

"बरं. कुनी हाक मारली तर काय देता?"

"ओ."

"आन पवाड्यात मागचे लोक काय वरडत्यात?"

"जी जी जी."

"येकच पुरं."

साहेबांनी ओठांतल्या ओठांत जोडून बघितलं. मग वहीतला हिरोजी खोडला, स्वतःच्या हातानं नवं नाव लिहिलं आणि किल्ली पुढं केली. ती घेताना तानूबाई म्हणाली, "मी न्हाई हां घेतलं. तुमी घेतलंसा."

ह्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मीही पुसलं असतं, पण सासूबाई बघत होत्या.

*

शेवगा खिडकीएवढा झाला तेव्हाची गोष्ट. सकाळी मिरजेकडनं आलेला टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबला. खाकी कपड्यांतला माणूस, उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात लोखंडी ट्रंक. तो इकडं बघे, तिकडं बघे.

"हितली गल्ली कुटं गेली?" त्यानं निंबाखाली बसलेल्या नानांना विचारलं.

नानांनी डोळ्यांवर हात धरून त्याला न्याहाळलं आणि ते काठी विसरून उठले. त्यांनी नुसतं कडेच्या लिंबूझाडाकडं बोट केलं. तिथं तानूबाई पाणी घालत होती. तिनं कळशी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि जागची हलली नाही. तोच चालत तिच्यापर्यंत गेला. ट्रंक ठेवली. तो फुलांकडं, शेवग्याकडं, तारेवरच्या लुगड्यांकडं बघत राहिला.

"ह्ये समदं कुनाचं म्हनायचं?"

तानूबाई खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या नावाचं हाय."