चार खिडक्यांचा झेंडा

बाई गुरुवारी गेल्या. सकाळी वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. दुपारी आम्ही अकरा जण स्मशानाबाहेर उभे होतो.

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "कुवेतमध्ये पाऊस आला की शाळेला सुट्टी," आणि आम्ही सगळे हसलो. बाईंच्या मुलाने वळून पाहिलं. तोही हसला. ते वाक्य त्याने घरी ऐकलेलं असणार.

पनवेलच्या आमच्या शाळेत बाई नववीला भूगोल शिकवायच्या. शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तक बंद. ज्याच्या घरचं कुणी परदेशात असेल, त्यांना बाई आपल्या मोबाइलवरून मिस्ड कॉल द्यायच्या. तिकडून फोन आला की तो टेबलावर, स्पीकरवर. "तिकडे कसं आहे?" हा प्रश्न त्यांना चालत नसे. "त्यावर कुणीही छानच म्हणतं. सकाळी काय खाल्लं ते विचारा. खिडकीतून काय दिसतं ते विचारा."

माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे अब्बा कुवेतहून बोलले, तेव्हा कुणीतरी पावसाचं विचारलं. जोराचा पाऊस झाला की तिथे शाळाच बंद ठेवतात, हे ऐकून वर्गाने बाकं बडवली. बाई म्हणाल्या, "तुम्ही तिथे असतात तर चार महिने घरीच!"

माझं परदेशात कुणी नव्हतं. वडील उरणला मच्छीमारी करत. मी शिकायला आत्याकडे पनवेलला राहत होते आणि आत्या बाजारात मासळी विकायची. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून "आज सुकट का गं?" असं विचारून झालं होतं. त्यामुळे वडील काय करतात, या प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं: बंदरात नोकरीला आहेत.

बाईंनी ते लक्षात ठेवलं. एका शनिवारी म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझे वडील. फोन कशाला, इथेच बोलव."

मी वडिलांना निरोप दिलाच नाही. बाईंनी तो बाजारात आत्याकडे दिला.

वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी फळ्यावर 'बंदर' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "हे बंदरात कामाला—"

"नाय नाय बाई. आमी मच्छी मारतो. बंदर तं आमच्या वाटंत मधीच आरवा आलाय!"

वर्ग खदखदून हसला. मी बाकाकडे पाहत राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. 'बंदर' पुसलं, 'समुद्र' लिहिलं आणि विचारलं, "जहाजं जवळून दिसत असतील?"

"जवलून? कदी कदी अंगावरच येतात."

मग ते झेंड्यांबद्दल बोलू लागले. देशांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. एक झेंडा चार खिडक्यांचा, दोन खिडक्यांत चांदणी. एक अमेरिकेसारखा, पण चांदणी एकच. ते वर्णन करत आणि आम्ही नकाशाच्या पुस्तकात मागच्या पानांवर शोधत होतो. पनामा! लायबेरिया! कोण आधी ओरडतं याची चुरस लागली. वडील म्हणाले, "पन त्या झेंड्याची मानसं आत नसतात हां. वरून हात करतात ती फिलिपिनची, नायतं आपलीच. माल तिसऱ्याच देशाचा."

"मग काका, जहाज कुणाचं?"

"ज्याचा हाय त्यानी कदी बगला पन नसंल!"

बाईंनी खडू खाली ठेवला. "हे पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

तास संपल्यावर मला त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी त्यांना वेळ आहे का विचार. अर्धेच झेंडे झालेत."

स्टँडकडे जाताना वडील म्हणाले, "बंदरात कामाला लावलंस मना? सायेब केलंस का हमाल?"

"क्रेनवाला," मी म्हणाले.

उरणची एसटी येईपर्यंत ते हसत होते.

आता बाई नाहीत. मी खांदा कॉलनीत राहते आणि एका वाचनालयात काम करते. वडील अजून समुद्रावर जातात. ते काय करतात असं कुणी विचारलं, तर मी सांगते.