पेपरच्या वर्धापनदिनाला नेलेली बाटली

आमच्या नाशिकच्या एका पेपरचा वर्धापनदिन झाला. त्यानिमित्त त्यांनी आपला इतिहास छापला. पानभर फोटो, प्रत्येक फोटोत मालक आणि शेजारी कोणीतरी मंत्री. पेपर कुठे दिसत नव्हता.

मी चौथी शिकलेली. वाचायची सवय मला याच पेपरने लावली, तेवढं मान्य. पूर्वी चार पानं असायची, हाताला शाई लागायची. चांदवडचा कांद्याचा भाव असायचा आणि वाचकांच्या तक्रारींचा एक रकाना. गटार तुंबलं की लोक तिथे लिहायचे, मग महापालिकेचा माणूस यायचा. जुन्या मालकांचा मुलगा गादीवर बसला, पानं रंगीत झाली आणि तो रकाना गेला. त्या जागी पुढाऱ्यांचे वाढदिवस आले. हे काही त्यांच्या इतिहासात नाही.

यंदा आमच्या गल्लीत नळाला पिवळं पाणी यायला लागलं. नातीला कावीळ झाली. महापालिकेत कोणी दाद देईना. मुलगा अंबडला कारखान्यात कामावर, म्हणून मीच बाटलीत पाणी भरून पेपरच्या कचेरीत गेले. नेमका त्याच दिवशी वर्धापनदिन. दारात रांगोळी, आत पेढे आणि नव्या छपाईयंत्राची पूजा.

मालक पुढे आले. "आजी, गंगेचं तीर्थ आणलंत?"

आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात, चांगल्या दिवशी लोक रामकुंडावरून तिचं पाणी आणतात. ते तरी कुठे स्वच्छ असतं, त्यामुळे रंग पाहून त्यांना संशय आला नाही. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी माझी बाटली घेऊन पाणी यंत्रावर शिंपडलं आणि तळहातावर घेऊन प्यायलेसुद्धा.

"नळाचं आहे ते," मी म्हटलं. "आमच्या गल्लीतलं. नात आजारी पडली त्याने. छापा."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "छापू, छापू. आजींना पेढा द्या रे."

दुसऱ्या दिवशी छापलं. फोटोत मी, बाटली आणि मालकांचे जोडलेले हात. खाली मजकूर: ज्येष्ठ वाचक भगिनीने गोदामाईचे तीर्थ देऊन आशीर्वाद दिले. नळाबद्दल अक्षर नाही.

शेजारीण पेपर घेऊन आली. "काकू, तक्रार करायला गेला होतात की सत्काराला?"

"मालकाला आपलं पाणी पाजून आले," मी म्हटलं.

पेपर मी त्याच दिवशी बंद केला. नातीला पाणी उकळून देते, नळाला अजून पिवळंच येतं. मालकाला काही झालं नाही. एका घोटाने होत नाही, ते रोज प्यावं लागतं.