उलट्या पावलांची रोवणी

शहापूरच्या घरी कपाट आवरताना माझी जुनी वही सापडली. पानं भराभर सोडली की चित्र हलायचं, तसली. तिला अजून चिखलाचा वास येतोय, असं मला वाटलं.

ही वही काढली तेव्हा नागपूरला ॲनिमेशन शिकायला लागून मला वर्षच झालं होतं. समोर बसवलेल्या माणसांची चित्रं काढून काढून वाकलेली पाठ, गुडघ्याचा बाक, सगळं आपल्याला येतं असं वाटायचं. त्याच जोरावर मी वहीत धान रोवणारी, चिखलात भाताची रोपं लावणारी आई काढली, वर्गात शाबासकी मिळवली आणि सुट्टीत वही घेऊन थेट शेतात गेले.

आईनं चिखलाच्या हातानंच वही घेतली, पाहिली आणि खळखळून हसली. “अवं, ही बाई त पुढं पुढं चालून राहिली! असी रोवली त आपलंच धान पायाखाली येईन ना!”

रोवणी मागे सरकत करतात. लहानपणापासून शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून मी ती पाहत आले होते, तरी चुकले. माझा चेहरा पडला.

तेवढ्यात आईनं पानं शेवटाकडून सोडली. चित्रातली बाई झपझप मागे सरकू लागली.

“आता बरोबर हाय,” आई म्हणाली.

शेवटच्या पानावर तिच्या अंगठ्याचा चिखलाचा ठसा तसाच आहे. आजही मी वही तिथूनच उघडली.