चांगुणाबायची सुट्टी

ऊन पडलं की चांगुणाबायला घरात बसवत नसे. स्वतःच्या घरातलं सगळं वाळत घालून झालं की ती दुसऱ्याच्या घरातलं वाळत घालायची. रोह्याजवळ वरसे गावात ती माझ्या शेजारी राहायला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी आंघोळ करून बाहेर आले तर माझ्या गोधड्या, उशा आणि पायपुसणंसुद्धा अंगणातल्या दोरीवर. आणि ओळख ना पाळख, एक काळी, उंच बाई कमरेला पदर खोचून काठीने माझी उशी झोडपत होती.

"कोण गो तू? माझ्या उशीने तुझं काय केलंय?" मी विचारलं.

"मी चांगुना. शेजारची," ती म्हणाली. हात थांबवला नाही. "ऊन वाया जात व्हतं."

मी तिला चार शब्द सुनावले. तिने ऐकून घेतले, उशी उलटी केली आणि दुसरी बाजू झोडपायला घेतली. अशी आमची ओळख. पुढे आमचं रोज बोलणं व्हायचं आणि आठवड्यातून एकदा भांडण. त्याला मैत्री म्हणायचं तर म्हणा.

ती पेणजवळची, खाडीकाठची. नवराबायको दोघं मिठागरात कामाला. दिवाळी झाली की गाव सोडून आगरावर खोपटात राहायचं, वाफ्यांत खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हाने ते आटलं की लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं, डोक्यावरून वाहून ढीग घालायचे. पाऊस येईपर्यंत हेच. नवरा गेल्यावर मुलगा रमेश तिला इकडे घेऊन आला. तो रोह्याच्या एका कंपनीत नोकरीला. आगराचा विषय त्याला घरात नको असायचा. मग ती माझ्याकडे येऊन बोलायची. मी खांब गावाकडची, भात आणि वालाच्या शेतीतली. मला मिठागर म्हणजे काय ते तिच्याकडूनच कळलं.

"तुमा खांबवाल्यांचं बरं," ती म्हणायची. "भात आपल्या मनाने उगवतंय. मीठ नाय उगवत. मिठाला उन्हात उभं राहनारं मानूस लागतं."

"भात आपल्या मनाने उगवतं? लावणीला ये एकदा, मग सांग."

"सावलीत नाय गो उभं राहता येत आमाला," ती म्हणायची, आणि खरंच उठून उन्हात जायची.

आगराचा एक रिवाज तिने मला सांगितला होता. मुकादम गावात येऊन कामाची बोली करायचा. बोली पक्की झाली की त्याच दिवशी, आगरावर जाणाऱ्या माणसाच्या पदराला किंवा धोतराच्या सोग्याला चिमूटभर मीठ बांधायचं. ते बांधायचं मागे राहणाऱ्याने. कारण घर राखायला कोणीतरी म्हातारं मागे राहायचंच. परत आलं की गाठ सोडून तेच मीठ मागे राहिलेल्याच्या हातात द्यायचं आणि त्याने ते कालवणात टाकायचं. मी म्हटलं, "मिठागरात चालल्यात आणि बरोबर मीठ कशाला?" तर म्हणाली, "नेन्यासाठी नाय गो. परत आनन्यासाठी."

एका वैशाखात ती गच्चीवर कुरडया उलटत होती, ती चक्कर येऊन तिथेच पडली. मोडलं काही नाही, पण रमेश घाबरला. तेव्हापासून तिला एकटं सोडायचं नाही असा त्याने नियमच केला. नियम त्याने केला, पाळायचा सुनेने. सुनीता, तिची सून, सरळ बाई. सासू गच्चीवर की ही मागे छत्री घेऊन. सासू अंगणात की ही लिंबूपाणी घेऊन. सुनीताचं माहेर जित्याला. सकाळी जाऊन संध्याकाळी येण्यासारखं. तेवढंच जायची, मुक्काम कधी नाही. चांगुणाबायला ही राखण आवडत होती असं कुणी समजू नका.

"मना काय बकरी समजतात काय?" ती मला म्हणायची. "मी मुतायला गेली तरी बाहेर उभी राहते ती."

आणि सुनीता मला म्हणायची, "काकी, आई माझ्याकडे बघतात ना, तर मला वाटतं मीच चोर आहे."

दोघी चांगल्या होत्या. चांगल्या माणसांचंही एकमेकांना ओझं होतं. ते कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते.

रमेशची मुलगी प्राची हॉटेलचं शिकली आणि पोर्तुगालला नोकरीला गेली. कोर्लईचा किल्ला ज्या फिरंग्यांनी बांधला, त्यांचा देश. तिथल्या दक्षिण किनाऱ्याला अल्गार्व म्हणतात. बारा महिने ऊन, निळा समुद्र, पांढरी घरं. जगभरचे लोक तिथे सुट्टीला येतात. प्राचीने तिघांना बोलावलं. आईबाबा आणि आजी, तिघांनी यायचंच. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथे कडक ऊन असतं, तेव्हा या म्हणाली.

मग दर रविवारी त्यांच्या घरी फोन समोर ठेवून बेत ठरायला लागला. मीही जायची, चहा मिळायचा. प्राची फोनवर किनाऱ्यांचे फोटो दाखवायची. एका फोटोत वाळूवर माणसंच माणसं उघडी पडली होती. चांगुणाबायने चष्मा लावून नीट बघितलं.

"जेवनाची सुट्टी झाली वाटतं यांची," ती म्हणाली. "कामावर कधी लागतात?"

"आजी, ते काम नाही करत. ऊन खातायत."

"सावली मोकली हाय की मागं. मग उन्हात का?"

"त्यांना ऊन मिळत नाही गं त्यांच्या देशात. मुद्दाम येतात."

चांगुणाबायने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मलाही कळलं नव्हतं.

सुनीताचं मात्र बघण्यासारखं होतं. ती त्या फोटोंकडे अशी बघायची, की तेलात घारगा आहे हेही विसरायची. रोह्याच्या बाजारातून तिने एक गवती रंगाची मोठी टोपी आणली होती. कपाटात ठेवायची, कुणी नसलं की आरशासमोर घालून बघायची. मला खिडकीतून दिसायचं.

मग एका रविवारी प्राची आनंदाने ओरडलीच. "आजी, तुझ्यासाठी खास गाव शोधलंय! इथे मिठागरं आहेत. वाफे, पांढरे ढीग, सगळं तुमच्यासारखं. आपण त्यांच्या शेजारीच राहायचं!"

सगळे चांगुणाबायकडे बघायला लागले. पोरीने एवढ्या मायेने शोधलेलं. म्हातारी म्हणाली, "व्हय?" आणि पुढे काही बोलली नाही. त्यांना वाटलं, आनंदाने गळा भरून आला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. ऊन होतं आणि ती बसली. तेव्हाच मला कळलं काहीतरी बिनसलंय.

"जल्मभर जिथून सुटायला बघितलं," ती म्हणाली, "तिथं सुट्टीला नेतात मना."

"मग नाही म्हण."

"मी नाय म्हटलं तर रमेस कुनालाच जाऊ देयाचा नाय. आई नाय तर कोन नाय, म्हनतो. लोक काय म्हनतील, म्हनतो. आनि सुनीताने टोपी घेतली गो."

"तुला माहीत आहे टोपीचं?"

"मी आंधळी हाय काय?"

 मग म्हणाली, "मना सुट्टी नको असं नाय. पन माझी सुट्टी म्हंजे कोनी मना इचारू नये, कुठं चाललीस. येवढीच."

मी म्हटलं, मी सांगते रमेशला. तर नको म्हणाली. पोरगा दुखावेल, नात दुखावेल, सुनेला वाटेल सासूने मुद्दाम मोडता घातला. तिला काही सुचत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

तिकिटं काढायचा रविवार आला. त्या दिवशी तिने मला दुपारीच हाक मारली, "भाजनी चाखायला ये गो." भाजणी वगैरे काही नव्हती. रमेश फोनवर तिकिटं बघत होता. सुनीता शेजारी बसली होती, पासपोर्ट मांडीवर धरून, परीक्षेला बसल्यासारखी. पलीकडून प्राचीचा आवाज येत होता.

चांगुणाबाय स्वयंपाकघरातून मूठ मिटून आली. सुनीताच्या ओढणीचं टोक धरलं, त्यात मीठ घातलं आणि गाठ मारली. मग रमेशचा रुमाल मागून घेतला, त्यालाही गाठ मारली. आणि भिंतीला टेकून खाली बसली. एकदा माझ्याकडे बघितलं.

"हे काय, आई? दृष्ट काढताय?" सुनीताने विचारलं.

चांगुणाबाय माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मला भाजणीला बोलावलेलं नाही, बोलायला बोलावलंय.

"रमेश," मी म्हटलं, "तिकिटं दोनच काढ. तुझी आई येत नाही."

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते. तुमच्या आगराचा रिवाज आहे, बाप्या. मागे राहणारा जाणाऱ्याला मीठ बांधतो. तू विसरलास, ती नाही विसरली."

रमेशने रुमालाच्या गाठीकडे बघितलं. लहानपणी त्याच्या सदऱ्यालाही कुणीतरी अशी गाठ मारली असणार. त्याचा चेहरा बदलला, पण तो हट्टी. फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "मग कोणीच जात नाही. आईला टाकून मी फिरायला जाऊ?"

सुनीताने पासपोर्ट मिटला.  मला राग आला.

"टाकून कुठे? भिंतीपलीकडे मी मेले नाही अजून. माझ्याकडे राहील. पडली तर उचलीन, उचलता नाही आली तर बोंब मारीन. आणि स्पष्टच ऐक. तुझ्या आईला समुद्र नको, ऊन नको. तिला तुमच्यापासून सुट्टी पाहिजे. तुझ्या बायकोला तिच्यापासून पाहिजे. दोघी तुझ्या भीतीने गप्प बसल्यात."

 मला वाटलं, आता हे घर मला बंद. फोनमधून प्राची हळूच म्हणाली, "आजी, खरं?"

"व्हय, बाय," चांगुणाबाय म्हणाली. "तुझी मिठागरं तुझ्या आईला दाखव. माझी बघून झाली."

मग ती हसली. आधी सुनीताकडे बघून हसली, आणि सुनीता हसता हसता रडायलाच लागली. ओढणीला डोळे पुसायला गेली तर गाठ डोळ्याला लागली. रमेशने फोन परत हातात घेतला. शेवटी म्हणाला, "काकी, तुम्ही बोलताना जरा तरी..."

"नाही," मी म्हटलं. "तिकिटं काढ."

ती दोघं आषाढात गेली. चांगुणाबाय माझ्याकडे राहिली. मी तिला एकदाही विचारलं नाही कुठे चाललीस, आणि ती फारशी कुठे गेली नाही. ओट्यावर बसायची, मांडीवर हात ठेवून. "आगरातल्या मानसाची सुट्टी पावसातच," म्हणायची. उन्हाचा पत्ता नव्हता, वाळत घालायला काही नव्हतं, तिच्या हातांना काम नव्हतं. तिचे हात मी पहिल्यांदा स्थिर बघितले. माझ्या आमटीला मात्र रोज नावं ठेवायची.

एक दिवस सुनीताने तिकडून फोन लावला. टोपी घालून वाळूवर आडवी पडली होती. मागे एवढं ऊन, की फोनचा पडदा पांढरा दिसत होता. चांगुणाबायला राहवेना.

"सुनीते, केवढं ऊन गो! वाया घालवू नको. काय तरी वाळत घाल!"

"आई," सुनीता म्हणाली, "आज मीच वाळत पडलेय."

चांगुणाबाय इतकी हसली, की मला तिची पाठ चोळावी लागली. "पड, बाय, पड," ती म्हणाली. "आता पालथी हो. दोनी बाजूंनी वाळव, नायतर बुरशी येते."

परत आल्यावर सुनीताने कुणी सांगायच्या आत गाठ सोडली आणि मीठ सासूच्या हातावर ठेवलं. सात समुद्रांपलीकडे जाऊन आलेलं मीठ. चांगुणाबायने ते सुक्या बोंबलांच्या कालवणात टाकलं. कालवण खारट झालं. मी तसं सांगितलं. बाकी सगळे छान म्हणाले.

त्यानंतर त्या घरातली राखण थांबली. सुनीता जित्याला चार-चार दिवस राहून यायची. चांगुणाबाय एकटी गच्चीवर जायची, फक्त सावली आली की खाली उतरायची. सासूसुना आधीपेक्षा जास्त बोलायला लागल्या. मी म्हटलं होतं ना, ओझं होतं. दोघींनी ते एकदा खाली ठेवून बघितलं, एवढंच.

ती गेली ती माघात. सकाळी चहा पिऊन परत आडवी झाली, ती उठलीच नाही. दुखणं नाही, दवाखाना नाही. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. या वयात दोन्ही वाटतं.

तिला नवीन लुगडं नेसवून अंगणात आणून ठेवलं होतं. न्यायची घाई चालली होती. तेवढ्यात सुनीता स्वयंपाकघरातून मूठ मिटून आली. खाली बसली, सासूच्या पदराचं टोक धरलं आणि त्यात मीठ बांधायला लागली.

पेणहून आलेला सुनीताचा चुलत दीर म्हणाला, "वैनी, असं नसतं करायचं. हा आगराचा रिवाज, मयताचा नाय."

"बांधू दे," मी म्हटलं. "मागे राहणाऱ्याने बांधायचं असतं."

सुनीताने गाठ घट्ट मारली, एकदा ओढून बघितली आणि उठली.

सगळे गेल्यावर अंगण रिकामं झालं. कडक ऊन पडलं होतं, दोरी मोकळी होती. मी घरात गेले आणि गोधड्या काढल्या.