कोरड्या गोदामातली पाण्याची रेघ

आधीच सांगतो, भुतंखेतं, जिन वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे… जे डोळ्यांनी दिसतं, हाताला लागतं, तेवढंच मानतो. आणि हे लिहितोय ते घाबरून नाही. रागाने लिहितोय. तो राग अजून उतरलेला नाही.

मी परकार, मूळचा चिपळूणजवळचा. सौदीत, जुबैलमध्ये एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीचं गोदाम सांभाळतो. मोझांबिकला चक्रीवादळ आलं, नद्यांना पूर आले, माणसं छपरांवर जाऊन बसली. आमच्या कामगारांनी आपणहून ताडपत्र्या, मच्छरदाण्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या जमवल्या. दोन दिवसांत सगळं पॅक! माल दम्मामला एका मदत संस्थेकडे द्यायचा, पुढे त्यांचं विमान. तासाभराचा रस्ता.

पण आमचे मॅनेजर कुलकर्णीसाहेब आडवे आले. "परकार, मोठे साहेब सुट्टीवरून येऊ देत. बॅनर लावून फोटो काढू, मग गाडी सोडू."

"साहेब, तिथे लोक गढूळ पाणी पितायत."

"अहो, चार दिवसांनी काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! गावाकडे वाशिष्ठीला पूर आला तेव्हा मी रजेवर घरीच होतो. तिसऱ्या दिवशी मदतीचा टेम्पो आला. आधी फोटो, मग पाण्याची बाटली. माझी अम्मी हात पुढे करून उभी, आणि फोटोवाला म्हणतोय, "मावशी, जरा इकडे बघा." मेलो तरी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शटर उघडलं आणि वास आला… पूर ओसरल्यावर घरात येतो तोच, चिखलाचा. चारही भिंती घोट्यापर्यंत ओल्या, वर मातकट रेघ. जमीन मात्र ठणठणीत कोरडी! प्लंबर बोलावला, तर तो हसायलाच लागला. त्या शेडमध्ये पाण्याची लाइनच नाही. पाऊस पडून तर कित्येक महिने झालेले.

पुढच्या सकाळी रेघ गुडघ्याला. मी टेप लावून मोजलं—चारही भिंतींवर एकच उंची, सुताचाही फरक नाही. फोर्कलिफ्टवाला इरफान हळूच म्हणाला, "भाई, ये तो चढ़ रहा है।"

तिसऱ्या सकाळी कमरेला. अम्मी नेहमी म्हणायची, "पानी पायरीला लागला का सामान माळ्यावर. इचारीत बसायचा नाय." कोरड्या जमिनीवर उभा राहून मी इरफानला गोळ्यांचे खोके सगळ्यात वरच्या रॅकवर चढवायला लावले. वेडेपणाच होता, पण हात थांबेनात.

तेवढ्यात कुलकर्णी आले. "परकार, हे काय चालवलंय? फोटोसाठी मांडलेलं सगळं विस्कटलंत!"

मी त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला. तळवा चिखलाने भरला. त्यांनी वास घेतला, चेहरा उतरला… आणि मग म्हणाले काय? "पेंटरला बोलवा. साहेब उद्या येतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेटपासवर मीच सही ठोकली. इरफानला म्हटलं, "यल्ला, भर गाडी." नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, पोरांची शाळा गेली, हे कळत होतं. तरी गाडी सोडली. दुपारपर्यंत माल दम्मामला पोहोचला.

दुसऱ्या दिवशी भिंती कोरड्या. वास नाही. रेघ तेवढी कमरेलाच थांबलेली. त्यानंतर दोनदा रंग दिला, दोनदा ती रंगावर पुन्हा उमटली. मला मेमो मिळाला, 'परवानगीशिवाय माल पाठवला' म्हणून. नोकरी अजून तरी आहे. मेमोत त्या रेघेबद्दल एक अक्षर नाही. कुलकर्णी हल्ली त्या शेडमध्ये पाऊल ठेवत नाहीत.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळलं तर जरूर सांगा. मला एवढंच माहीत आहे की आमची गाडी तासाभराच्या रस्त्याला फोटोसाठी अडून बसली होती, आणि तिकडचा पूर समुद्र ओलांडून आमच्या दारात आला होता.